जेवलीस का, लीला?

८ जानेवारी, बुधवार

फोन लागला. फ्रेंचमधली चार वाक्यं पाठ केली होती. नमस्कार. मी लीलाचा आजोबा. शिरूरहून बोलतोय. लीला आहे का. पलीकडच्या बाईंनी पहिल्या झटक्यात असं काही विचारलं, जे माझ्या चारांत कुठंच बसत नव्हतं. मी परत नमस्कार केला. त्यांनी तेच परत विचारलं, जरा मोठ्यानं. मी म्हणालो, लीला. त्या म्हणाल्या, काहीतरी काहीतरी लीला काहीतरी. मग खट्.

सुनंदा शेजारच्या खुर्चीवर, कान देऊन. "काय म्हणल्या?"

"लीला नाहीये म्हणाल्या. बहुतेक."

"बहुतेक म्हंजी?"

बहुतेक म्हणजे बहुतेक. आयुष्यभर तालुक्याच्या बातम्या दिल्या, 'बहुतेक'वर कधी दिली नाही.

समीर होता तेव्हा हा प्रश्नच नव्हता. रविवारी फ्रान्सहून त्याचा फोन यायचा. लीला मांडीवर. ती तिच्या भाषेत बोलायची, तो मराठीत सांगायचा. मराठी शिकवतो, शिकवतो म्हणता म्हणता राहिलं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. पोरगी सात वर्षांची झाली. घरातला दुभाष्याच गेला, आता...

९ जाने.

क्लेअरचा मेसेज, इंग्रजीत. सून गुणाची. समीरच्या माघारीही नेमानं लिहिते. जुलैत लीलाला घेऊन शिरूरला यायचा विचार आहे. स्वतः आठवडाभर राहील, मग नोकरीवर परत, लीला महिनाभर आमच्याकडे. सुनंदानं हे माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

पुढचं वाक्य तिला उशिरा वाचून दाखवलं. क्लेअरच्या आईला हे पसंत नाही. त्या म्हणतात, तिथं पोरीचं पोट दुखलं तर ती सांगणार कुणाला? आणि लीलाही अजून हो म्हणत नाही. तिकिटं काढायची तर एप्रिलअखेर ठरायला हवं.

उत्तर पाठवलं: मला सांगेल. मी फ्रेंच शिकतोय.

पाठवल्यावर लक्षात आलं, शिकायला सुरुवात केलेली नाही.

१० जाने.

व्हिडिओचा उपयोग नाही. क्लेअरच्या मोबाइलवर चेहरे दिसतात, पण लीला हात हलवते आणि पळते. तिकडच्या आजीकडं, क्लेअरच्या आईकडं, जुन्या फोनवर मात्र बसते म्हणे, जिन्यात, मांडीवर रिसीव्हरची वायर घेऊन. बुधवारी तिकडे शाळा नसते, ती दिवसभर आजीकडे. आणि आजींच्या घरात मुलांच्या हातात मोबाइल द्यायचा नाही असा नियम. म्हणजे जे काही व्हायचं ते बुधवारी, त्या फोनवर, आधी आजींना ओलांडून.

लीला आजीला 'मामी' म्हणते. तिकडं आजीला तसंच म्हणतात. सुनंदाला हे अजून पचलेलं नाही. "आईच्या आईला मामी? मग मामाच्या बायकोला काय म्हंत्यात?"

मी वहीत 'मादाम' लिहीन.

१२ जाने.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक बाई आहेत. मूळच्या पुदुच्चेरीच्या. मिस्टर रेल्वेत गार्ड, बदलीनं दौंडला आले आणि इथलेच झाले. बाई शाळेत शिकवायच्या, सगळी कॉलनी त्यांना टीचर म्हणते. मागं कॉलनीतल्या नाताळावर लिहिलं तेव्हा भेट झाली होती. फोन लावला.

"फ्रेंच? सर, दौंडमध्ये मला कुणी फ्रेंच नाही विचारत. केकची ऑर्डर देतात."

सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, शिकवीन. पण दौंडला यायचं नाही. फोनवरच शिकायचं. समोर बसलं की माणूस तोंड बघून निम्मं ओळखतो. "तुमच्या मादामचं तोंड दिसणार नाही ना? मग माझं पण नको."

पहिला धडा तिथल्या तिथं. 'स् ए द ला पार द की?' कोण बोलतंय, हे विचारायची रीत. आठ तारखेला मादाम हेच विचारत होत्या.

१५ जाने., बुध

"स् ए द ला पार द की?"

आलं! नाव सांगितलं. मादाम म्हणाल्या, "न किते पा." टीचरांनी पढवलं होतं, फोन ठेवू नका असा अर्थ. ठेवणार कशाला.

मग लीलाचा श्वास. आधी श्वासच ऐकू आला. मी शब्दकोश बघून लिहिलेला कागद वाचला: आज शिरूरमध्ये ऊन आहे. आजीनं तिळाच्या वड्या केल्या. बाजारात कांदा भरपूर आला. घोडनदीला पाणी आहे.

ती म्हणाली, "वी." हो. मग कुणाशी तरी काहीतरी बोलली आणि तिकडं हसू फुटलं. मग फोन बंद.

सुनंदा म्हणाली, हसली तरी. कसं का असंना.

१८ जाने.

टीचरांना कागद वाचून दाखवला. मग, "सर, तुम्ही बातमी देता. बोलत नाही. मुलगी झोपेल."

खरं आहे. एसटीडी बूथमधून पुण्याच्या डेस्कला बातम्या सांगितल्या, त्याचा हा परिणाम. फोन कानाला लागला की आवाज आपोआप तसा होतो. एकेक शब्द सुटा. नावं दोनदा. 'न्हावरे, न्हावऱ्यातला न्हा.' वाक्य संपलं की 'पूर्णविराम' म्हणायचो, पलीकडचा उतरवून घ्यायचा. लीलाला मी 'पूर्णविराम' म्हणालो नाही एवढंच.

आता कागद बंद. टीचरांचा हुकूम: सांगायचं नाही, विचारायचं. "विचारलं की समोरचा बोलतो. तुमचं काम कमी."

काय विचारायचं पण?

२९ जाने., बुध

सापडलं. 'त्यु आ माँजे?' जेवलीस का?

विचारलं आणि पोरगी सुटलीच. बरंच बोलली. गाजर कळलं. अंडं कळलं. तिसरं काय ते कळलं नाही, पण ते तिला आवडत नाही एवढं स्वरावरून समजलं. मी 'अच्छा, अच्छा' म्हणत गेलो. अच्छा मराठीतच.

सुनंदाचे डोळे भरले. मी विचारलं, काय झालं. "काय न्हाई. गाजर म्हणली ना?"

पेपरात दर आठवड्याला देतो तो कॉलम आज उशिरा गेला. डेस्कवरच्या पोरानं विचारलं, आबा, तब्येत बरी आहे ना? कॉलमला कधी उशीर केला नव्हता.

५ फेब्रु., बुध

जेवलीस का. पास्ता. बोट कापलं होतं, आता बरं आहे. (बोट की हात?)

९ फेब्रु.

आकडे. टीचर म्हणाल्या, इथं सगळे मरतात. फ्रेंच माणूस नव्वदला 'चार वीस दहा' म्हणतो. ऐंशी म्हणजे 'चार वीस'. मी म्हणालो, यात काय. आई बाजारात लिंबं तशीच मोजायची. चार इसा न् दहा. टीचरांनी तीन-चार फोन नंबर भराभर सांगितले, मी सगळे बरोबर उतरवून घेतले. त्यांना खरं वाटेना.

"तुमच्या आईला फ्रेंच येत होतं?"

"न्हाई. तिला सहीसुद्धा येत नव्हती."

आईनं मोजलेली लिंबं फ्रान्सला पोचली. हे समीरला सांगायला हवं, असं मनात आलं. आणि मग फोनकडं गेलेला हात तसाच...

१९ फेब्रु., बुध

शिवजयंती. रस्त्यावर डीजे. शेवटी फोन घेऊन मोरीत गेलो, दार लावलं, तरी भिंती थरथरत होत्या. मादाम म्हणाल्या, हा आवाज कसला? (कळलं!) म्हणालो, आमच्या राजाचा वाढदिवस. त्यांनी राजाचं वय विचारलं असावं. साडेतीनशेच्या पुढं म्हणालो.

लीलाला घाईत एवढंच विचारता आलं, जेवलीस का. ती 'वी' म्हणाली. मग मादामनी फोन घेतला, काहीतरी विचारलं. तीनदा. आवाज कडक होता. मला एक शब्द कळला नाही. मी 'मेर्सी', आभार, म्हणून ठेवला. ते चुकलं असं वाटतंय.

२० फेब्रु.

चुकलं, पण ते नाही.

क्लेअरचा मेसेज. फार जपून लिहिलाय. आईला वाईट वाटलंय. तुम्ही दर बुधवारी फोन करता आणि पोरीला काय विचारता, तर जेवायला दिलं का. दर बुधवारी. आई म्हणते, त्या माणसाला वाटतं मी नातीला उपाशी ठेवते. समीर गेल्यापासून आमच्यावर विश्वास उरला नाही असं वाटतं का तुम्हाला? तसं नसणार हे मला माहीत आहे, क्लेअर लिहिते, पण आईला कसं समजावू?

आणि शेवटी: जुलैचं तिला आत्ता विचारू नये हे बरं.

सुनंदाला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "मग काय इचारायचं माणसानं?"

२३ फेब्रु., रविवार

दौंडला गेलोच. टीचर नको म्हणाल्या होत्या, तरी. सकाळच्या गाडीनं, न्हावऱ्यावरून. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा टपरीवर चहा घेताना पुटपुटत होतो: मादाम, माझा तसा अर्थ नव्हता. टपरीवाला बापू ओळखीचा. "आबा, मंतर म्हणताय का कुणाला शिव्या देताय?"

"माफी मागतोय."

"मग मराठीत मागा की. एवढी अवघड माफी कोण पत्करंल?"

रेल्वे कॉलनी. टीचर वाटलं त्यापेक्षा ठेंगण्या, केस सगळे पांढरे. दार उघडलं, पाणी दिलं आणि मला मोबाइलसकट गॅलरीत बसवलं. स्वतः स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून मला फोन लावला. मध्ये एक भिंत. आधी भिंतीतून आवाज यायचा, मग कानात.

सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, दर वेळी जेवलीस का, असं का विचारत होता?

समीर पुण्याला होस्टेलला होता, तिथून फोन आला की पहिलं वाक्य तेच. रांजणगावच्या कंपनीत लागला, शिक्रापुरात खोली घेऊन राहिला, तेव्हाही तेच. कंपनीनं फ्रान्सला पाठवला, तिथं उतरल्यावरचा पहिला फोन, जेवलास का. तो काय जेवला हे मी कधीच ऐकून घेतलं नसेल. तो 'हो' म्हणायचा आणि मग बोलणं सुरू व्हायचं.

भिंतीपलीकडं टीचर हसल्या. "आमच्या तमिळमध्ये पण हेच, सर. साप्टीया? माझ्या पण लक्षात आलं नाही. मीच तुम्हाला शिकवलं ते वाक्य!"

मग म्हणाल्या, माफी नका मागू. माफी मागितली तर ती म्हणेल, म्हणजे चूक होती. आपल्याकडं काय चालतं ते फक्त सांगा. 'शे नू', आमच्याकडे. तिथून सुरुवात करा.

गॅलरीखालून मालगाडी गेली, बराच वेळ. ती संपेपर्यंत दोघंही फोन धरून गप्प. मग त्या आपणहून म्हणाल्या, बहीण होती पुदुच्चेरीला. रोज संध्याकाळी फोन, फ्रेंचमध्येच, लहानपणची सवय. ती गेल्यावर फ्रेंच बंद. "तुम्ही चुकता ना सर, मला बरं वाटतं. घरात कुणीतरी बोलतंय."

निघताना केक दिला. जेवून जा म्हणाल्या. झालंय म्हणालो. झालं नव्हतं.

२६ फेब्रु., बुध

कागद नाही. हातात काही नाही.

"मादाम, शे नू..." आमच्याकडे फोनवर आधी हेच विचारतात. बोंजूरच्या जागी. मी माझ्या मुलाला रोज विचारायचो. तो मोठा होता, पगार होता, तरी विचारायचो.

क्रियापदं कशी लागली देव जाणे. मुलगा हा शब्द मात्र नीट गेला.

मग, "आ बों." म्हणजे असं होय. की 'असं का'? टीचर म्हणतात, दोन्ही. मग "न किते पा", आणि रिसीव्हर लाकडावर ठेवल्याचा आवाज.

लीला यायला वेळ लागला. तेवढ्यात त्या घरातलं सगळं ऐकू येत होतं. भांड्यात चमचा. कुठंतरी रेडिओ. दार. कुणाच्या तरी चपला जिन्यावरून. समीर या घरात दर आठवड्याला जेवायचा. याच आवाजांत. लीला आली नसती तरी मी धरून बसलो असतो.

आली. आज जेवणाचं विचारलं नाही. मग काय विचारायचं सुचेना. तीच म्हणाली, "आलो? आबा?" तिकडं हॅलोला आलो म्हणतात.

आबा म्हणाली.

५ मार्च, बुध

मादाम नुसतंच 'बोंजूर' आणि 'न किते पा'. राग गेला की नाही, आवाजावरून कळत नाही. फोनमध्ये तोंड नाही.

१२ मार्च, बुध

हे लिहू की नको.

समीर असताना दर रविवारी लीलाचा एक ठरलेला प्रश्न असायचा. तो हसत सांगायचा, "आबा, लीला विचारतेय, घोडनदीला पाणी आहे का?" केवढीशी पोर, आणि आपल्या नदीची काळजी. मी रविवारी सकाळी मुद्दाम पुलावर जाऊन बघून यायचो. डिंभ्याच्या धरणाचं पाणी सुटलं असेल तर तेही सांगायचो. लोकांनाही सांगितलं होतं हे. बापूलासुद्धा.

आज म्हणून नदीची तयारी केली होती. कागद नव्हे, मनात. पाणी थोडं आहे. दगड उघडे पडलेत. बगळे आहेत. बगळ्याचा शब्द टीचरांकडून घेतला. सांगितलं.

लीला म्हणाली, "केल रिव्हिएर?"

कुठली नदी?

मी म्हणालो, आपली. शिरूरची. तू विचारायचीस. ती म्हणाली, नाही. मग जरा विचार करून परत, नाही. मग विचारलं, तुझ्या घराजवळ नदी आहे?

आहे, म्हणालो.

बगळ्यांची चौकशी केली तिनं. किती, केवढे. बराच वेळ बोललो आम्ही. आजवरचा सगळ्यात मोठा फोन असेल. सगळं समजलं, जवळजवळ सगळं.

१३ मार्च

होळी. पुरण शिजत होतं. सुनंदाला सांगितलं. वाटलं होतं रडेल. तिनं झाऱ्यानं डाळ दाबून बघितली.

"मला म्हाईत हुतं."

"काय?"

"पाच वर्षांच्या पोरीला घोडनदीच्या पाण्याशी काय करायचंय? त्यालाच इचारायचं असायचं. सरळ इचारायची लाज वाटायची. लगीन तिकडं केलं, घर तिकडं केलं, आन् आता नदीला पाणी हाय का म्हणून कुठल्या तोंडानं इचारणार?"

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही सकाळी सकाळी पुलावर जायचात. आवडायचं तुम्हाला."

१६ मार्च

टीचरांना भूतकाळ शिकवा म्हणालो. दोन आहेत. एक, झालं आणि संपलं. दुसरा, असायचं, जायचा, बोलायचा. समीरसाठी दुसरा घ्या, म्हणाल्या. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२६ मार्च, बुध

"तुझा पपा त्या नदीत पोहायचा." म्हणालो.

लीला: पपाला पोहता यायचं? मला माहीत नव्हतं.

मला तरी कुठं माहीत होतं, तिला हे माहीत नाही ते.

३० मार्च

पाडवा. कॉलमसाठी वढूला जायचं होतं, शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत अडकलो, जायचं राहिलं. चाकणला जाणाऱ्या गाड्या. शेजारच्या टेम्पोतला पोरगा मोबाइलवर कुणाला तरी भोजपुरीत ओरडून विचारत होता. एवढं कळलं, खाना खाया का. सगळीकडे तेच विचारतात की काय.

क्लेअरनं दुपारी व्हिडिओ केला. गुढी दाखवली. लीलाला फ्रेंचमध्ये सांगितलं: काठी, आजीची साडी, वर तांब्या. ती म्हणाली, तांब्या उलटा का?

मराठीतही येईना उत्तर. सुनंदाकडे बघितलं. सुनंदा म्हणाली, "सांगा, पाऊस आत जाऊ नये म्हणून." तसंच सांगितलं. क्लेअर हसत सुटली. लीलाला मात्र पटलं. आणि पळाली नाही.

२ एप्रिल, बुध

नेहमीच्या वेळी फोन. मादाम घाईत: "नू सॉम-झा ताब्ल!" आम्ही जेवायला बसलोय.

तिकडं रविवारी घड्याळं तासभर पुढं गेली. क्लेअर दर वर्षी कळवते, मी दर वर्षी विसरतो. मी 'पार्दों, पार्दों' म्हणत राहिलो. मादाम म्हणाल्या, तर मग आज विचारायची गरज नाही.

ठेवल्यावर कळलं, ती थट्टा होती. परत फोन करून हसावं का?

टीचर म्हणाल्या, नाही. पण खूश झाल्या. "थट्टा कळली म्हणजे पास."

१६ एप्रिल, बुध

विचारलंच. लीला, जुलैत येशील?

वायर गुंडाळत असावी बोटाला, तसा आवाज. मग, तिथं फोन आहे?

आहे की. यावरच तर बोलतोय.

मग मामीला फोन करता येईल? दर बुधवारी?

येईल म्हणालो. आणि मग जाणवलं. जुलैतल्या बुधवारी तो जिना रिकामा. मादाम इकडं फोन लावणार. इथं कोण उचलणार, काय बोलणार, त्यांना काही कळणार नाही. 'कोण बोलतंय' म्हणायला सुनंदा, तेही मराठीत. मादाम बिचाऱ्या नमस्कार करणार. परत नमस्कार करणार.

पोट दुखलं तर कुणाला सांगेल, असं त्या म्हणत होत्या. पोटाचंच सगळं नव्हतं ते.

लीलाला म्हणालो, मामीला दे फोन. मादामना सांगितलं, जुलैत दर बुधवारी लीला तुम्हाला फोन करेल. मी लावून देईन. आणि तिच्या आधी मी बोलेन, न किते पा म्हणेन.

मादाम नाही म्हणाल्या नाहीत, एवढीच बातमी.

२१ एप्रिल

ऊन फार. क्लेअरचा मेसेज, तिकिटांचं बुधवारपर्यंत, तीस तारखेपर्यंत ठरवावं लागेल. आई अजून गप्प आहे. लीला एकदा हो म्हणते, एकदा नाही.

सुनंदानं वरची खोली झाडून काढली. तिनंच सांगितलं, "नुसती झाडलीय. जाळ्या झाल्या हुत्या."

२३ एप्रिल, बुध

लागला नाही. बराच वेळ घंटी. कुणी उचलत नाही. दोनदा केला. क्लेअर म्हणते, दोघी बाजारात गेल्या असतील.

असतील.

२८ एप्रिल, सोमवार

दुपारी, पानं वाढलेली. मोबाइल वाजला. लांबलचक परदेशी नंबर. क्लेअरचा नव्हे. सोमवारी? असा अवेळी, तिकडचा अनोळखी नंबर याआधी एकदाच आला होता. सुनंदाचा हात भाताच्या पळीवर तसाच राहिला.

"आलो?" मी म्हणालो.

"बोंजूर, मस्यू." मादाम. त्यांच्या घरचाच नंबर, दर बुधवारी वहीत बघून लावतो तो, पण पडद्यावर ओळखला नाही; फोन त्यांनी लावायची ही पहिलीच वेळ. मग जणू कुठून तरी पाठ केलेलं असावं, तसं, एकेक शब्द सुटा:

"वूझावे माँजे?"

जेवलात का.

"वी," मी म्हणालो. "जेवलो. तुम्ही?"

त्याही 'वी' म्हणाल्या. तिकडं सकाळचे साडेनऊ.

मग परीक्षा. समजा लीला म्हणाली, माल ओ व्हाँत्र, पोट दुखतंय. तुम्ही काय करता? म्हणालो, विचारीन कुठं दुखतंय, वर का खाली. मग बायको ओवा देईल. ओव्याला शब्द येईना. छोटं बी, कडू, गरम पाण्याबरोबर. मग डॉक्टर, आमच्या गल्लीतच आहेत. मग तुम्हाला फोन.

"आधी मला," मादाम म्हणाल्या.

"आधी तुम्हाला."

बी कसलं ते परत विचारलं. खात्री पटली नसावी. मग म्हणाल्या, लीलानं अजून हो म्हटलेलं नाही. मीही नाही. बुधवारी ती स्वतः सांगेल, मला पढवायचं नाही तिला. आणि मग, हळू आवाजात, ती नदी खोल आहे का?

म्हणालो, उन्हाळ्यात नाही. जुलैत, बघावं लागेल.

"आ मेर्क्रदी." बुधवारी बोलू.

सुनंदा उभीच होती. "काय म्हणल्या?"

"जेवलात का म्हणाल्या."

ती ताटाकडं बघत राहिली. "मग?"

"झालं म्हटलं."

"आन् पोरगी? येणार का?"

"ते बुधवारी."

भात पार निवला होता. तसाच खाल्ला दोघांनी. संध्याकाळी पुलापर्यंत जाऊन येईन म्हणतो. नदीला पाणी किती आहे, ते परवा सांगावं लागेल.